बीजाचीं अक्षरें : न्यूक्लिओटाइडांची घडण आणि त्यांतील बंध

शेतकऱ्याच्या विचाराचे नेहमींचे विषय दोन. एक खत आणि दुसरें बियाणें. खताचा विचार करतांना आपण नत्र, स्फुरद व पालाश ह्यांचा हिशेब मांडतों. बियाण्याचा विचार करतांना जात, शुद्धता व उगवण पाहतों. हे दोन विषय परस्परांहून निराळे आहेत असेंच आपण धरून चालतों. परंतु वनस्पतीच्या प्रत्येक जिवंत पेशींत एक द्रव्य असें आहे कीं, तेथें खत आणि बीज ह्या दोहोंची गांठ पडते. मातींतून उचललेलें नत्र व स्फुरद त्या द्रव्यांत जाऊन बसतात, आणि पिकाची जातही तेथेंच लिहिलेली असते. त्या द्रव्याचे सुटे घटक म्हणजे न्यूक्लिओटाइडें होत. त्यांची घडण कशी असते, त्यांतील अणु कोणत्या बंधांनीं जोडलेले असतात, आणि हें समजल्यानें घरचें बियाणें राखणाऱ्यास कोणता लाभ होतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंध म्हणजे काय ?

अणु एकमेकांस जोडले जाऊन रेणु बनतो. ही जोडणी पुष्कळ प्रकारची असते. पैकीं दोन प्रकार येथें ध्यानांत ठेविले म्हणजे पुरे. पहिल्या प्रकारांत दोन अणु आपापल्या इलेक्ट्रॉनांपैकीं कांहीं सामाईक ठेवतात. दोन भावांनीं एक विहीर सामाईक ठेविली म्हणजे त्यांस सहसा दूर जातां येत नाहीं, तसेंच हें आहे. ह्यास सहसंयुजी बंध म्हणतात व तो बळकट असतो. दुसऱ्या प्रकारांत सामाईक असें कांहीं नसतें. एका रेणूंतील हायड्रोजनचा अणु शेजारच्या रेणूंतील नत्राकडे किंवा प्राणवायूकडे ओढला जातो, एवढेंच. हा शेजारधर्म होय. ह्यास हायड्रोजन बंध म्हणतात. त्याचें बळ पहिल्या बंधाच्या मानानें फारच थोडें, बहुधा दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकें, असतें. बीजाची सारी करामत ह्या दोन बंधांच्या बळांतील अंतरावर उभी आहे, हें पुढें दिसून येईल.

न्यूक्लिओटाइडाचे तीन घटक

प्रत्येक न्यूक्लिओटाइडांत तीन घटक असतात. शर्करा, क्षारक आणि फॉस्फेट.

(१) शर्करा. ही मधोमध असते. उसाच्या साखरेच्या रेणूंत कर्बाचे बारा अणु असतात, हिच्यांत पांचच. त्यांपैकीं चार कर्बाणु व एक प्राणवायूचा अणु मिळून पांच कोनांचें कडें होतें, आणि पांचवा कर्बाणु फांदीसारखा कड्याबाहेर राहतो. ओळखीच्या सोयीसाठीं ह्या कर्बाणूंस १ पासून ५ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. ही शर्करा दोन प्रकारची आढळते. एकीचें नांव रायबोज. हिच्या दुसऱ्या कर्बाणूवर प्राणवायु व हायड्रोजन ह्यांची जोडी असते. दुसरीचें नांव डीऑक्सिरायबोज. हिच्यांत त्याच जागीं नुसता हायड्रोजन असतो. फरक प्राणवायूच्या एका अणूचा. पण त्याचा परिणाम किती मोठा आहे हें आपण पुढें पाहूं. पहिल्या शर्करेपासून आरएनए आणि दुसरीपासून डीएनए हें द्रव्य बनतें.

(२) क्षारक. हीं कर्ब व नत्र ह्यांचीं चपटीं कडीं होत. ॲडेनीन व ग्वानीन हे दोन क्षारक थोर आहेत. त्यांत दोन कडीं एकमेकांस चिकटलेलीं असतात. सायटोसीन व थायमीन हे दोन धाकटे. त्यांत एकच कडें असतें. आरएनएमध्यें थायमीनच्या जागीं युरॅसिल असतें. नत्राच्या दृष्टीनें पाहिलें तर ॲडेनीन व ग्वानीन ह्यांत प्रत्येकीं पांच, सायटोसीनमध्यें तीन, आणि थायमीन व युरॅसिल ह्यांत प्रत्येकीं दोन नत्राणु असतात. क्षारक आपल्या एका नत्राणूनें शर्करेच्या पहिल्या कर्बाणूस जोडलेला असतो. हा बंध सहसंयुजी आहे.

(३) फॉस्फेट. ह्यांत मध्यें स्फुरदाचा एक अणु व भोंवतीं प्राणवायूचे चार अणु असतात. सुपर फॉस्फेटांतून किंवा शेणखतांतून पिकाच्या मुळांस जें मिळतें तेंच हें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मुळांनीं घेतलेल्या नायट्रेटाचें वनस्पतीस आधीं अमोनियांत रूपांतर करावें लागतें, आणि मगच तें उपयोगीं पडतें. फॉस्फेट मात्र जसेंच्या तसें वापरलें जातें. आपण शेतांत टाकिलेलें फॉस्फेट आपलें रूप न पालटतां बीजाच्या गाभ्यापर्यंत पोंचतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शर्करेच्या पांचव्या कर्बाणूस फॉस्फेट जोडलें गेलें कीं न्यूक्लिओटाइड पुरें झालें. ॲडेनीनच्या न्यूक्लिओटाइडास आणखी दोन फॉस्फेटें ओळीनें जोडलीं म्हणजे एटीपी होतो. पेशींतील बहुतेक कामांचा खर्च ह्याच एटीपीच्या चलनानें भागविला जातो. स्फुरद कमी पडलें कीं रोप खुरटतें, मक्यासारख्या पिकाचीं पानें जांभळट होतात आणि मुळांची वाढ मागें पडते, ह्याचें एक मोठें कारण येथें आहे; कारण चलनच अपुरें झाल्यावर व्यवहार कसा चालावा ?

दृढ बंध : साखळीचा कणा

सुट्या न्यूक्लिओटाइडांची ओळ लावून साखळी बनते. एका शर्करेच्या तिसऱ्या कर्बाणूपासून निघालेला प्राणवायु आणि पुढच्या शर्करेच्या पांचव्या कर्बाणूपासून निघालेला प्राणवायु, हे दोन्ही मधल्या एकाच स्फुरदाणूस धरतात. ह्या जोडणीस फॉस्फोडायएस्टर बंध असें नांव आहे. ह्याप्रमाणें शर्करा, फॉस्फेट, शर्करा, फॉस्फेट अशी लांबच लांब साखळी तयार होते, आणि प्रत्येक शर्करेच्या बाजूस एकेक क्षारक लोंबत राहतो. साखळीस दिशाही असते. तिचें एक टोंक पांचव्या कर्बाणूचें व दुसरें तिसऱ्याचें.

फॉस्फेटाच्या चार प्राणवायूंपैकीं दोन जोडणींत खर्च झाले तरी उरलेल्यांवर एक ऋण विद्युद्भार शिल्लक राहतो. हा भार मोठा उपयोगी आहे. साखळी तोडणारे पाण्यांतील ऋणभारित कण त्यामुळें दूर लोटले जातात, आणि भारित असल्यामुळें हा रेणु पेशीच्या तेलकट पडद्यांतून सहज बाहेर निसटत नाहीं. गडाच्या तटाप्रमाणें फॉस्फेटांची ही ओळ आंतील अक्षरांचें रक्षण करते.

आरएनएचा कणा मात्र इतका टिकाऊ नसतो. त्याच्या शर्करेच्या दुसऱ्या कर्बाणूवर जी प्राणवायु-हायड्रोजनची जोडी असते, ती शेजारच्याच स्फुरदाणूवर चाल करून साखळी तोडूं शकते. म्हणूनच सोड्यासारख्या अल्कलींत आरएनएचे तुकडे होतात. डीएनएचे पदर त्याच अल्कलींत सुटे होतात, परंतु कणा शाबूत राहतो. एका अणूचा फरक म्हणून जें वर सांगितलें, त्याचें फळ हें. पिढ्यान् पिढ्या राखावयाचा मजकूर पिकांनीं डीएनएमध्यें ठेविला, आणि नित्याच्या निरोपांसाठीं आरएनए वापरला, ही योजना ह्या रसायनास धरूनच आहे.

कोमल बंध : दोन पदरांची जोडी

डीएनएचे दोन पदर एकमेकांभोंवतीं पिळलेल्या दोरीप्रमाणें असतात. दोन्ही पदरांच्या दिशा उलट असतात. एक जाणारा तर दुसरा येणारा. कणे बाहेरच्या अंगास व क्षारक आंत समोरासमोर येतात. थोर क्षारकासमोर नेहमीं धाकटा येतो, म्हणून शिडीच्या पायऱ्या सारख्या रुंदीच्या राहतात. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन, हा नियम होय. पहिल्या जोडींत दोन हायड्रोजन बंध व दुसरींत तीन असतात. हायड्रोजन देणारी व घेणारी जागा दोन्ही बाजूंस बरोबर समोर यावी लागते. चुकीच्या जोडींत ती नीट जुळत नाहीं. कुलुपास आपलीच किल्ली लागावी, तसा हा प्रकार आहे.

ह्या बंधांखेरीज आणखी एक आधार आहे. चपटे क्षारक भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक बसतात, आणि ह्या चळतीच्या आकर्षणानें पिळास बरीच बळकटी येते. दोन लगतच्या जोड्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे एका मीटरच्या अब्जांश भागाच्या सुमारें तिसरा हिस्सा असतें. भाताच्या एका गुणसूत्रसंचांत सुमारें ३९ कोटी जोड्या आहेत. त्या एका ओळींत मांडल्यास सुमारें १३ सेंटिमीटर लांबी भरेल; आणि पेशीच्या केंद्रांत असे दोन संच गुंडाळलेले असतात.

एक हायड्रोजन बंध दुबळा. परंतु कोट्यवधि एकत्र आले म्हणजे पदर सहज सुटत नाहींत. तरीसुद्धां पेशीस मजकूर वाचावयाचा किंवा त्याची नक्कल करावयाची असेल, तेव्हां ती थोडा भाग उकलते, वाचते व पुन्हां मिटते. सर्वच बंध दृढ असते तर मजकूर टिकला असता, पण वाचतां आला नसता. सर्वच कोमल असते तर वाचतां आला असता, पण टिकला नसता. प्रयोगशाळेंतही हेंच दिसतें. डीएनएचें द्रावण सुमारें ९५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें कीं पदर सुटे होतात, कणा तुटत नाहीं. थंड केलें कीं जोड्या पुन्हां जुळतात. ह्याच गुणाचा उपयोग करून कॅरी मुलिस ह्यांनीं १९८३ सालीं डीएनएच्या नकला वाढविण्याची रीति शोधून काढिली. आज बियाण्याची जात ओळखण्यास व पिकांवरील विषाणु हुडकण्यास ती वापरली जाते.

हें ज्ञान कसें मिळालें ?

फ्रीड्रिख मीशर ह्या स्विस शास्त्रज्ञानें १८६९ सालीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथें जखमांच्या पट्ट्यांवरील पुवांतील पेशींपासून स्फुरदयुक्त असें एक नवें द्रव्य वेगळें केलें. फीबस लेव्हीन ह्यांनीं त्यांतील दोन्ही शर्करा ओळखिल्या; रायबोज १९०९ मध्यें व डीऑक्सिरायबोज १९२९ मध्यें. आनुवंशिक गुण डीएनएमध्यें असतात हें १९४४ सालीं एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्यांनीं जंतूंवरील प्रयोगांनीं दाखविलें. अर्विन शारगाफ ह्यांनीं निरनिराळ्या जिवांतील क्षारकांचें मोजमाप करून ॲडेनीन व थायमीन सारखे भरतात, तसेंच ग्वानीन व सायटोसीनही सारखे भरतात, असें दाखविलें. गव्हाच्या अंकुरांत पहिली दोन सुमारें २७-२७ टक्के आणि दुसरी दोन सुमारें २३-२३ टक्के आढळतात. रोझलिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स ह्यांच्या क्ष-किरणांच्या कामाचा आधार घेऊन १९५३ सालीं वॉटसन व क्रिक ह्यांनीं दुपदरी पिळाची रचना मांडली.

न्यूक्लिओटाइडांतील बंधांचें रसायन पक्कें करण्याचें श्रेय अलेक्झांडर टॉड ह्यांस आहे. त्याबद्दल त्यांस १९५७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्याकडे केंब्रिज येथें कांहीं काळ काम केलेले हरगोविंद खुराना हे पंजाबांतील एका लहान खेड्यांतले. त्यांचे वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखे, शेतसाऱ्याचें काम पाहणारे होते. खुराना ह्यांस १९६८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला, आणि १९७० सालीं त्यांच्या मंडळीनें न्यूक्लिओटाइडें एकामागून एक जोडून पहिलें कृत्रिम जनुक तयार केल्याचें जाहीर केलें. त्यांत ७७ जोड्या होत्या.

द्रव्य मातीचें, क्रम बीजाचा

आतां शेताकडे वळूं. डीएनएच्या वजनांत सुमारें दहावा हिस्सा स्फुरद व सहावा हिस्सा नत्र असतें. प्रत्येक जोडीमागें स्फुरदाचे दोन अणु, आणि नत्राचे सात किंवा आठ अणु लागतात. पेशी दुभागण्यापूर्वीं सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. म्हणून जेथें वाढ जोराची, अशा कोंवळ्या शेंड्यांस व मुळांच्या अग्रांस ह्या द्रव्यांची गरज फार. दाण्यांतील स्फुरदाचा मोठा सांठा फायटेट ह्या रूपानें असतो. उगवतांना तो मोकळा होऊन रोपाच्या पहिल्या दिवसांची सोय होते.

परंतु ह्यावरून खत घालून जात सुधारेल असें कोणी समजूं नये. खतानें अक्षरांचें द्रव्य मिळतें. अक्षरांचा क्रम मात्र आईबापांच्या बीजांतून येतो. प्रत्येक नव्या पदराची ओळ जुन्या पदरावरून जुळविली जाते, जमिनीकडे पाहून नव्हे. अमुक द्रव बियाण्यास चोळल्यानें वाणाची जात पालटते असें कोणी विक्रेता सांगूं लागल्यास, फॉस्फोडायएस्टर बंधाच्या ओळींत क्षारकांचा क्रम तो द्रव कसा बदलतो, एवढें त्यास विचारावें. ह्याच कारणानें सोयाबीनसारख्या स्वपरागी पिकाचें घरचें बियाणें कांहीं हंगाम जातिवंत राहतें. उलट संकरित वाणांत आईबापांचे भिन्न मजकूर एकत्र असल्यामुळें पुढच्या पिढींत त्यांची फेरवांटणी होऊन पीक एकसारखें येत नाहीं.

पाणी व उष्णता, बीजाचे दोन शत्रु

इतके दृढ बंध असूनही बीज अमर नाहीं. शर्करेपासून ॲडेनीन व ग्वानीन अधूनमधून निखळतात. सायटोसीन पाण्याशीं संयोग पावून युरॅसिल बनतें आणि अक्षर पालटतें. ह्या सर्व क्रियांस पाणी व उष्णता साह्य करतात. जिवंत, ओल्या पेशींत दुरुस्ती करणारीं विकरें सतत फिरत असतात. पण सुक्या दाण्यांत तीं स्वस्थ असतात, आणि झालेली मोडतोड उगवणीच्या पहिल्या कांहीं तासांत एकदम निस्तरावी लागते. सांठवणींत आरएनएच्या साखळ्याही तुटत जातात. त्याबरोबर पेशींचे पडदे व प्रथिनेंही बिघडतात. मोडतोड हाताबाहेर गेली म्हणजे दाणा दिसावयास टपोरा, पण उगवत नाहीं. १९२० नव्हे, तर अगदीं अलीकडे २०२० च्या खरिपांत महाराष्ट्रांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी गांवोगांव झाल्या, हें वाचकांस स्मरत असेलच. दुबार पेरणी म्हणजे बियाणें, मजुरी आणि हंगामाचे दिवस, तिहींचें नुकसान.

हॅरिंग्टन ह्या शास्त्रज्ञाचा एक ठोकताळा ह्या कामीं उपयोगी आहे. दाण्यांतील ओलावा सुमारें १४ ते ५ टक्के ह्या टप्प्यांत असतां, तो एक टक्क्यानें कमी केल्यास सांठवणीचें आयुष्य दुप्पट होतें. तसेंच कोठाराची उष्णता ५ अंश सेंटिग्रेडनें कमी झाल्यासही दुप्पट होतें. म्हणजे १४ टक्के ओलाव्याचें बियाणें १२ टक्क्यांवर आणिलें तर चौपट लाभ. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यास ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा व उगवण निदान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. म्हणून मळणीचें यंत्र हळू चालवावें, कारण सोयाबीनची साल पातळ असते. बियाणें सावकाश वाळवावें. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर ठेवावींत, थप्पी फार उंच करूं नये, आणि खत व औषधें त्या खोलींत ठेवूं नयेत. पेरणीपूर्वीं सरमिसळ केलेले १०० दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून, सावलींत ओल राखून, सुमारें आठवड्यानें मोड आलेले चांगले दाणे मोजावे. ७० पेक्षां कमी भरल्यास बियाण्याचें प्रमाण वाढवावें किंवा बियाणें बदलावें.

घरीं करण्याजोगा प्रयोग

ज्यांस हें द्रव्य डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं भिजविलेले वाटाणे किंवा पिकलेलें केळें घ्यावें. पेलाभर पाण्यांत चमचाभर मीठ व भांडीं घासण्याच्या पातळ साबणाचे थोडे थेंब घालून त्यांत तें कुसकरावें, आणि फडक्यानें गाळावें. गाळलेल्या पाण्यावर पेल्याच्या कडेनें अलगद तितकेंच थंड स्पिरिट सोडावें. ज्योत जवळ आणूं नये. थोड्या वेळांत दोहोंच्या सांध्यावर पांढरे तंतु तरंगूं लागतात. साबणानें पेशींचे पडदे फुटतात. मिठांतील सोडियमचे धनभारित कण फॉस्फेटांचा ऋणभार झांकतात, म्हणून साखळ्या स्पिरिटांत विरघळत नाहींत व एकत्र येतात. ह्या तंतूंत इतर द्रव्यांची भेसळ असते; तथापि डीएनए त्यांतच असतो. गांवच्या शाळेंत मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा.

सारांश, पिकाचा मजकूर दृढ बंधांनीं टिकतो आणि कोमल बंधांमुळें वाचला जातो. त्याचें द्रव्य शेतकरी खतानें पुरवितो, पण त्याचा क्रम बीजाबरोबरच येतो. तो क्रम नव्यानें लिहिणें शेतकऱ्याच्या हातीं नाहीं. तो शाबूत राखणें मात्र आहे, आणि त्यास कोरडी, थंड जागा व पेरणीपूर्वींची शंभर दाण्यांची परीक्षा ह्यांपलीकडे फारसा खर्च लागत नाहीं. आमचे वाचक येत्या हंगामापूर्वीं ही परीक्षा करून पाहतील अशी आशा आहे.